'सापडला नाही' म्हणजे 'तिथे नाही'?

"ही प्रजाती फक्त आंबोलीत आढळते." पेपरमध्ये असं वाक्य आलं की आपण ते वाचून पुढे जातो. पण त्यात दोन दावे आहेत. ती आंबोलीत आहे, हे दाखवायला एक प्राणी पुरतो. ती आणखी कुठेच नाही, हे दाखवायचं कसं?

आंबोली म्हणजे सावंतवाडीहून घाट चढून गेल्यावर लागणारं, सुमारे ७०० मीटर उंचीवरचं गाव. पाऊस ७,००० मिमीच्या आसपास, खाली मालवणात पडतो त्याच्या दुपटीहून जास्त. इथे एक छोटा पिवळसर टोड राहतो. एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्याला झँथोफ्राइन या नव्या वंशात ठेवलं. त्याचं नाव झँथोफ्राइन टायग्रिना, अंगावरच्या वाघासारख्या पट्ट्यांवरून. आययूसीएनच्या यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे.

पावसाच्या सुरुवातीला तो कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. तेव्हा नर ओरडत असतात, त्यामुळे शोधणं सोपं. एरवी हा इवलासा प्राणी सापडणं कठीण. आता समजा, तुम्ही शेजारचा एखादा सडा तपासताय आणि टोड तिथे खरोखर आहे. योग्य दिवसांत एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ४० टक्के धरू (आकडा फक्त उदाहरणासाठी). तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.६ × ०.६ × ०.६, म्हणजे सुमारे २२ टक्के. सहा फेऱ्या केल्या तर ५ टक्क्यांच्याही खाली. पण तुम्ही जानेवारीत गेलात आणि शक्यता ५ टक्केच असेल, तर सहा फेऱ्यांनंतरही तो न दिसण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के उरते. सहा दिवस पायपीट करून हाती जवळजवळ काहीच नाही! (शिवाय हा गुणाकार फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. एकाच पावसाच्या झडीत लागोपाठ केलेल्या सहा फेऱ्या तशा नसतात.)

डॅरिल मॅकेंझी आणि सहकाऱ्यांचं २००२ चं ऑक्युपन्सी मॉडेल नेमकं इथे कामी येतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन 'असणं' आणि 'दिसणं' यांच्या शक्यता वेगवेगळ्या काढायच्या. आधी मॉडेल शिका आणि मग फील्डला जा, उलटं नको; फेऱ्या किती करायच्या ते आधीच ठरवावं लागतं.

आणि कधी जायचं ते गावात विचारा. पहिल्या पावसात गुरं घेऊन सड्यावर जाणाऱ्याला शास्त्रीय नाव ठाऊक नसेल, पण कातळावर ओरडणं कधी सुरू होतं ते त्याला बरोबर ठाऊक असतं.

रस्त्यावरही हाच घोळ होतो. धबधब्याला येणाऱ्या गाड्यांची गर्दी नेमकी पावसाळ्यात. रात्री चिरडलेला बोटाएवढा प्राणी सकाळपर्यंत कावळे, टायर आणि पाऊस मिळून नाहीसा करतात. सकाळी आठला मोजणी केली आणि शून्य आलं, तर त्या शून्याला काय अर्थ? म्हणून रात्री सापडलेल्या मृत प्राण्यांच्या जागा नोंदवायच्या, दर दोन तासांनी परत जाऊन ते किती वेळ टिकतात ते पाहायचं आणि मग मोजणी दुरुस्त करायची.

हे सगळं फार काटेकोर वाटत असेल, तर एखाद्या सड्यावर चिऱ्याची खाण किंवा रिसॉर्ट येऊ घातलंय असं समजा. अहवालात एकच ओळ येते: 'सर्वेक्षणात प्रजाती आढळली नाही.' कुठल्या महिन्यात, किती फेऱ्यांत, रात्री की दिवसा, ते लिहिलेलं नसतं. तुमच्या डेटाशीटमध्ये मात्र हे रकाने ठेवा. काहीच सापडलं नाही त्या दिवशीसुद्धा तारीख, वेळ, पाऊस आणि शोधणारी माणसं किती, हे भरूनच खाली उतरा.