माकडाला क्षय कुणी दिला?

बदलापूरहून नेरळ गाठून माथेरानला गेलेली मंडळी माकड जवळ आलं की पोराला मागे ओढतात, "नको, रोग लागेल!" प्रयोगशाळेत माकडं सांभाळणाऱ्यांची धास्ती मात्र बरेचदा उलटी असते : आपला रोग त्यांना लागला तर?

२०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत २० माकडांवर करोनावरच्या कोव्हॅक्सिन लसीची चाचणी झाली. टाळेबंदीत खाणं तुटल्यामुळे माकडं रानात पांगली होती. वन खात्याच्या मदतीने शोध घेता घेता ती नागपूरकडे सापडली. आता त्यांना माणसाकडूनच आधी करोना लागला असता तर सगळी चाचणी फुकट! म्हणून देखभाल करणारे, पशुवैद्य, सफाई कामगार, सगळ्यांची तपासणी झाली.

क्षयाचंही तेच. रानातल्या माकडांत तो क्वचित दिसतो. पकडून माणसांत आणल्यावर जडतो आणि पिंजऱ्यापिंजऱ्यांतून झपाट्याने पसरतो. "एकदा तपासलं, निर्धास्त झालो" हा समज इथेच घात करतो. तपासणीसाठी पापणीच्या कातडीत ट्युबरक्युलिन (क्षयजंतूंचा अर्क) टोचून तीन दिवस सूज पाहतात. पापणीच का? सूज पिंजऱ्याबाहेरून दिसते, माकडाला पुन्हा पकडावं लागत नाही. पण रोग फार बळावलेलं माकड कधीकधी या चाचणीला दादच देत नाही. म्हणून नव्या कळपाला वेगळं ठेवून ती दर पंधरा दिवसांनी पुन्हा करतात.

मग औषध द्यावं की! महिनोन्‌महिने औषध चाललं तरी वरून बरं दिसणारं माकड रोग पसरवत राहू शकतं. त्यामुळे बाधित माकडाला सहसा दयामरणच देतात. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यावर उर्वरित कळपाचा जीव अवलंबून असतो. मला विचाराल तर खोकणाऱ्या कामगाराला भरपगारी रजा देणं याहून कितीतरी स्वस्त.

वर 'मंकीपॉक्स' या नावाने माकडं उगाच बदनामही झाली. १९५८ साली कोपनहेगनच्या प्रयोगशाळेतल्या माकडांत हा विषाणू प्रथम सापडला, एवढाच काय तो संबंध. त्याचं मूळ घर आफ्रिकेतले उंदीर-खारींसारखे प्राणी असावेत. या रोगाला आता 'एमपॉक्स' म्हणतात.

तरीही पोराला मागे ओढणारी आई अगदीच चुकीची नाही. मकाक जातीच्या माकडांत बी विषाणू असू शकतो. माकडाला त्याचं फारसं काही होत नाही, माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचला तर मात्र जिवावर बेततं. असं क्वचितच घडतं. पण चावा किंवा ओरखडा बसलाच तर हळद दाबत बसू नये. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि थेट डॉक्टर गाठावा. रेबीजची लसही तिथेच मिळते.