चाचणी करावी, पण तारीख पाहून

एचआयव्हीबद्दल आता उघडपणे बोलले जाते. १ डिसेंबरला कॉलेजांतून फेऱ्या निघतात, भित्तिपत्रके लागतात. पण मुले खासगीत जो प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर भित्तिपत्रकावर नसते : "सर, भीती वाटतेय. उद्याच रक्त तपासून घेऊ का?"

जरूर तपासावे, पण उद्याचा 'निगेटिव्ह' अहवाल कालच्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही. सरकारी केंद्रांतील नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही. त्याच्याशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. या काळाला डॉक्टर 'विंडो पीरियड' म्हणतात. तेव्हा अहवाल निगेटिव्ह असूनही लागण झालेली असू शकते, आणि ती दुसऱ्यालाही होऊ शकते.

म्हणून तारखांचा हिशेब नीट ठेवावा.

पहिले ७२ तास : असुरक्षित संबंध आला, अत्याचार झाला किंवा वापरलेली सुई टोचली, तर दिवस न मोजता लगेच जिल्हा रुग्णालय गाठावे. लागण टाळणारी औषधे ('पेप') जितक्या लवकर तितकी चांगली, पण ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात.

४५ दिवस : शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी 'चौथ्या पिढीची' चाचणी तोवर निगेटिव्ह आली, तर बराच विश्वास ठेवता येतो.

९० दिवस : प्रतिद्रव्यांच्या साध्या चाचणीसाठी तीन महिने पूर्ण होऊ द्यावेत. 'पेप' घेतली असेल तर या तारखा पुढे जातात; त्या डॉक्टरांनाच विचाराव्यात.

शेवटचा अहवाल हाती येईपर्यंत कंडोम वापरावा, मग जोडीदार लग्नाची बायको का असेना. घरात संशय येईल म्हणून ते टाळणे म्हणजे आपली जोखीम तिच्या अंगावर टाकणे. 'तेवढीच फुकट तपासणी होईल' म्हणून रक्तदान तर मुळीच करू नये. विंडो पीरियडमधले रक्त एखाद्या निष्पाप रुग्णाला जाऊ शकते.

आपल्या भागात आणखी एक गंमतीची अडचण आहे. सरकारी दवाखान्यातील या केंद्राच्या कन्नड पाटीवर 'आप्त समालोचना' असे शब्द असतात. मराठी कानाला वाटते, आत नातेवाईक बसून आपले समालोचन करणार! कन्नडमध्ये त्याचा अर्थ साधा आहे : समुपदेशन, म्हणजे विश्वासाने केलेली सल्लामसलत. तेथे चाचणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गुप्तता यांना संरक्षण दिले आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. घरबसल्या विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

आणि अहवाल पॉझिटिव्ह आलाच तर? पुन्हा वेगवेगळ्या किटवर तपासून खात्री केल्याशिवाय तो निदान म्हणून दिला जात नाही. सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लवकर कळले तर आयुष्य वाचते. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला खूण करा आणि त्या दिवशी न चुकता जा.