रेघ कुणी ओढायची?

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आपण ती जणू हवेत तरंगत असल्यासारखे बोलतो. प्रत्यक्षात तिला पत्ता असतो. नवी मुंबईत ऐरोली, महापे, पनवेल या भागांत मोठमोठी डेटा सेंटर आहेत. पनवेलला २०२० साली सुरू झालेल्या योट्टा कंपनीच्या केंद्रात २०२४ पासून या कामाच्या खास चिप बसवल्या गेल्या. अशा एका ‘एच-१००’ चिपमध्ये ८,००० कोटी ट्रान्झिस्टर असतात आणि तिला ७०० वॅटपर्यंत वीज लागते. साधारण घरातल्या मिक्सरइतकी. पण मिक्सर पाच मिनिटांत बंद होतो. या चिप हजारोंनी एकत्र, रात्रंदिवस चालतात.

एवढा खर्च झेपणारे हात थोडेच. म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सुमारे १०,३७२ कोटी रुपयांचे ‘इंडिया एआय मिशन’ मंजूर केले. संशोधकांना आणि नव्या उद्योगांना सवलतीत संगणनशक्ती मिळावी, हा त्याचा एक हेतू. पण यंत्र कुणाचे, एवढाच प्रश्न नाही. यंत्राने सांगितलेल्या गोष्टीवर निर्णय कुणाचा, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. तो समजण्यासाठी एक हिशेब करू.

समजा, परीक्षेतली कॉपी शोधणारा एक प्रोग्राम आहे. १,००० उत्तरपत्रिकांपैकी २० मुलांनी खरोखर कॉपी केली आहे. प्रोग्राम कॉपी करणाऱ्यांपैकी ९० टक्के, म्हणजे १८ जण पकडतो. प्रामाणिक मुलांपैकी फक्त ५ टक्क्यांवर तो चुकून संशय घेतो. ऐकायला हे छान वाटते. पण प्रामाणिक मुले ९८० आहेत. त्यांचे ५ टक्के म्हणजे ४९. एकूण ६७ मुलांवर ठपका आला, आणि त्यांतली ४९ निर्दोष!

असे का झाले? असा प्रोग्राम ‘कॉपी केली’ किंवा ‘नाही’ असे थेट ओळखत नाही. तो प्रत्येक उत्तरपत्रिकेला संशयाचा एक आकडा देतो. किती आकड्याच्या पुढे ठपका ठेवायचा, ती रेघ माणूस ओढतो. रेघ वर सरकवली तर समजा चुकीचा संशय एका टक्क्यावर येईल, निर्दोष मुले दहाच्या आसपास अडकतील. पण कॉपी करणारे १८ ऐवजी १२च सापडतील. यांतले बरे काय? याचे उत्तर गणितात नाही. कुणावर अन्याय झालेला आपल्याला चालेल, हे ठरवल्याशिवाय रेघ ओढता येत नाही.

आता त्या ४९ मुलांनी दाद कुठे मागायची? शाळा म्हणेल, संगणकाने सांगितले. विक्रेता म्हणेल, मूळ प्रोग्राम दुसऱ्या कंपनीचा. ती कंपनी म्हणेल, आम्ही फक्त आकडा देतो. जबाबदारी अशी हातोहात विरघळते. ती विरघळू न देणे, हेच नियमनाचे खरे काम.

युरोपीय संघाचा कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. शाळाप्रवेश, मूल्यमापन आणि परीक्षेवरची देखरेख यांसाठी वापरायच्या यंत्रणा त्याने ‘जास्त जोखमीच्या’ गटात घातल्या आहेत. वैद्यकीय व सुरक्षेचा अपवाद सोडता, वर्गात मुलांच्या चेहऱ्यांवरून भावना ओळखण्यास त्याने मनाई केली आहे. भारताने वेगळी वाट धरली. नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत तूर्त स्वतंत्र कायद्याऐवजी असलेल्या कायद्यांवर भर आहे. त्यांतल्या सात सूत्रांत उत्तरदायित्व हे एक, आणि यंत्रणा समजण्याजोगी असावी हे आणखी एक. सूत्र चांगले आहे. पण सूत्राकडे अर्ज करता येत नाही. त्यासाठी नाव, पद आणि मुदत लागते.

पुढची यंत्रे आकडा देऊन थांबणार नाहीत. त्यावर पुढची कृतीही स्वतःच करतील. तेव्हा रेघ दिसेनाशी होईल, पण ती असेलच.

वरचा हिशेब वर्गात जरूर करून पाहा. मुलांना रेघ हवी तिथे ओढू द्या, वाद घालू द्या. शाळेत असे एखादे साधन आले, तर आपणही तीन प्रश्न विचारू या: ते किती वेळा आणि कुणाबाबत चुकते? रेघ कुणी ओढली? आणि चूक झाली तर ती दुरुस्त करणारा माणूस कोण? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर ते साधन मुलांवर वापरायची घाई करू नये.