जांभळांचा निवाडा

अरे, किती भांडाल? दाद्या म्हणतो, आपल्या बदलापूरची जांभळं मोठी. चिमी म्हणते, आत्याने पालघरहून आणलेली बहाडोलीची मोठी. दोन्हीकडच्या जांभळांना भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा कमी कुणीच नाही. बदलापूरच्या मांजर्लीत राहून मी निवाडा दिला तर चिमी म्हणणार, आजोबा बदलापूरच्याच बाजूचे! म्हणून आपण काट्यालाच विचारू.

थांब दाद्या! टपोरं जांभूळ शोधून काढतोस होय रे, लबाडा? डोळे मीट, टोपलीत हात घाल, येईल ते उचल. साताऱ्याकडच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे फार मोठे संख्याशास्त्रज्ञ होते. देशातलं पीक मोजायला त्यांनीही हीच वाट धरली. चांगलं दिसेल ते शेत घ्यायचं नाही, चिठ्ठीत निघेल ते घ्यायचं.

आता हा घोस बघा. एकाच देठावरचं एक जांभूळ लांबुळकं, रसाने तटतटलेलं. त्याच्या शेजारचं वाटाण्याएवढं, सुरकुतलेलं. भावंडांतच एवढा फरक! मग दोन टोपल्यांतलं एकेक फळ काट्यावर ठेवून काय कळणार? दोन्ही टोपल्या एकाच झाडाच्या असत्या, तरी एक फळ जड निघालंच असतं. तो नुसता छापा-काटा झाला.

म्हणून पाच-पाच घेऊ. समजा, दाद्याची पाचही जांभळं चिमीच्या पाचही जांभळांपेक्षा जड निघाली. हा योगायोग असेल का? दहा चिठ्ठ्यांवर दहा वजनं लिहा, गावाचं नाव नको. चिठ्ठ्या डब्यात घालून खळखळा हलवा आणि न बघता पाच दाद्याला, पाच चिमीला वाटा. दाद्याच्या वाट्याला कुठल्या पाच याव्यात, याच्या २५२ तऱ्हा आहेत. सगळ्या जड चिठ्ठ्या त्यालाच मिळण्याची तऱ्हा त्यात फक्त एक! तीन-तीनच घेतली असती तर २० तऱ्हांत एक. म्हणजे फळं थोडी वाढवली की योगायोगाला लपायला जागा उरत नाही. मला तर यात जादूच दिसते.

पण वजनं सरमिसळ निघाली, दाद्याची सरासरी जेमतेम एक ग्रॅमने जास्त आली, तर? पुन्हा चिठ्ठ्या हलवा, वाटा, सरासरी काढा. तेवढा फरक घडोघडी पडत असेल, तर दाद्याने मिशीला पीळ द्यायचा नाही. दोन्ही गावं सारखीच, असंही त्यातून ठरत नाही. या दहा फळांवरून फरक ओळखता आला नाही, एवढंच.

आणि एकेका टोपलीतली सगळी जांभळं एकाच झाडाची असतील, तर तुम्ही गावं तोललीच नाहीत, दोन झाडं तोललीत! उद्या स्टेशनजवळ जांभळं विकणाऱ्या मावशींना विचारू, किती झाडांची आहेत ते. आत्यालाही फोन लावा. आणि चिमे, मोजायच्या आधीच खाऊ नकोस गं!