आंतरजालावरील संवादी नकाशे

संवादी नकाशा म्हणजे आंतरजालावरील असा नकाशा, की जो वाचकाला सरकवता येतो, लहान-मोठा करता येतो, ज्यातील माहितीचे थर झाकता किंवा उघडता येतात आणि ज्यातील एखाद्या आकृतीवर टिचकी मारली असता तिच्याविषयीचा तपशील मिळतो. छापील नकाशात काय दाखवायचे आणि काय वगळायचे, हे नकाशाकार एकदाच ठरवतो. संवादी नकाशात तो निर्णय काही अंशी वाचकाच्या हाती जातो. तयार मूळ नकाशावर स्वतः जमवलेल्या माहितीचे थर आणि स्वतः आखलेल्या सीमा बसवणे, हा या तंत्राचा गाभा होय. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुका हे त्याचे बोलके उदाहरण आहे. एकाच जमिनीवर इतक्या सीमा एकमेकींवर पडलेल्या अन्यत्र क्वचितच आढळतात.

पार्श्वभूमी

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ नकाशा ही प्रामुख्याने सरकारी कचेरीतील आणि कागदावरील वस्तू होती. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी घडवायचा जागतिक नकाशा सुरू केला. २००५ मध्ये गूगल मॅप्स आले आणि सरकवता येणारा नकाशा सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे 'भुवन' हे संकेतस्थळ २००९ चे आहे. २०११ मध्ये युक्रेनचे संगणकतज्ज्ञ व्लादिमीर अगाफोन्किन यांनी लीफलेट ही छोटी, मुक्त आज्ञासंहिता प्रसिद्ध केली. तिच्या आधारे थोडेफार प्रोग्रॅमिंग जाणणारा विद्यार्थीही स्वतःचा संवादी नकाशा उभा करू शकतो. भारतात १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची बंधने बऱ्याच अंशी उठवली.

चौकटी आणि थर

पडद्यावर अखंड दिसणारा मूळ नकाशा प्रत्यक्षात लहान चौरस तुकड्यांचा बनलेला असतो. या तुकड्यांना टाइल म्हणतात. तिची प्रचलित बाजू २५६ बिंदूंची असते. शून्य पातळीवर सारे जग एका टाइलीत मावते आणि पुढील प्रत्येक पातळीवर एका टाइलीच्या चार होतात. बाराव्या पातळीवर जगाच्या १,६७,७७,२१६ टाइली होतात. त्यांपैकी पश्चिमेकडून मोजता २८७९ आणि उत्तरेकडून मोजता १८२७ या क्रमांकांच्या टाइलीत पनवेल शहराचा मध्य भाग येतो. मोजणी शून्यापासून सुरू होते. या टाइलीची बाजू पनवेलच्या अक्षांशावर सुमारे सव्वानऊ किलोमीटर भरते. वाचकाने नकाशा सरकवला की फक्त नव्याने लागणाऱ्या टाइली मागवल्या जातात. मंद जोडणीवरही नकाशा चालतो तो यामुळेच.

टाइल हे चित्र असते. त्यावर चढवायचे थर मात्र बहुधा बिंदू, रेषा आणि बहुभुज अशा आकृतींच्या रूपात साठवतात: शाळा म्हणजे बिंदू, गाढी नदी म्हणजे रेषा, प्रभाग म्हणजे बहुभुज. त्यासाठी जिओजेसन हे साधे मजकूर-स्वरूप सर्वाधिक वापरले जाते. त्यात प्रत्येक आकृतीबरोबर तिचे नाव, लोकसंख्या, संकेतांक इत्यादी गुणधर्म नोंदवता येतात.

जिओजेसनमध्ये आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. बोलण्यात व भूगोलाच्या पुस्तकात नेमका याच्या उलट क्रम रूढ आहे. पनवेल सुमारे १८.९९ उत्तर अक्षांश व ७३.११ पूर्व रेखांशावर आहे. हे आकडे उलटे पडले, तर पनवेल नॉर्वेतील ट्रॉम्सो शहराच्याही उत्तरेस, थेट समुद्रात जाऊन पडते. नवशिक्याची ही चूक इतकी नेहमीची आहे की, थर दिसत नसल्यास प्रथम नकाशा लहान करून उत्तरेचा समुद्र पाहावा.

पनवेलच्या सीमा

पनवेल नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. १७ मार्च १९७० रोजी सिडको अस्तित्वात आली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नवी मुंबईच्या प्रकल्पासाठी नेमण्यात आली. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे 'नैना'साठी, सिडकोलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. त्यातील काही गावे पुढे वगळण्यात आली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी जुने शहर, नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजा या वसाहती आणि भोवतालची महसुली गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. मे २०१७ मधील तिच्या पहिल्या निवडणुकीसाठी २० प्रभाग व ७८ जागा होत्या. याखेरीज तळोज्याचे औद्योगिक क्षेत्र आणि कर्नाळा पक्षी अभयारण्य यांच्या सीमा वेगळ्या आहेत.

तालुका, महानगरपालिका, नियोजन प्राधिकरण आणि महसुली गाव हे चार स्वतंत्र थर आहेत, आणि एकाच घराचा पत्ता या चारांत चार प्रकारे लागतो. बांधकामाची परवानगी कोणाकडे मागायची, मालमत्ता कर कोठे भरायचा आणि सातबारा कोणत्या तलाठ्याकडे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगळ्या थरांत असतात. हे थर एकाच नकाशावर उघड-झाक करता आले, तर अनेक हेलपाटे वाचू शकतात.

सर्वांत नाजूक थर गावठाणाचा. महसुली नकाशावर गावठाणाची आकृती लहान असते, परंतु वाढत्या कुटुंबांची घरे तिच्याबाहेर पसरलेली असतात. गावठाणातील घराला सातबारा नसतो. जेथे नगर भूमापन झालेले नाही, तेथे मिळकत पत्रिकाही नसते. ड्रोनच्या साहाय्याने गावठाणे मोजणारी केंद्राची 'स्वामित्व' योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली, ती याच उणिवेसाठी. नकाशावर गावठाणाची रेषा जाड काढली की तिच्याबाहेरचे पिढीजात घर आपोआप 'अतिक्रमण' दिसू लागते. म्हणून ही रेषा कोणत्या वर्षीच्या, कोणत्या नकाशावरून घेतली, हे थरातच नमूद करणे इष्ट होय.

सीमा आखण्याची रीत

महसुली गावनकाशा बहुधा कागदाच्या छायाप्रतीच्या रूपात मिळतो. क्यूजीआयएससारख्या मुक्त प्रणालीत तो उघडून त्यावरील ओळखीच्या जागा आजच्या उपग्रहचित्रातील त्याच जागांशी जोडाव्या लागतात. देऊळ, विहीर, रेल्वेचा पूल किंवा तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात ती जागा यासाठी उपयोगी पडते. तळ्याचा काठ किंवा खाडीचा किनारा घेऊ नये, कारण तो हलतो. जोडलेल्या जागा नकाशाच्या चारही कोपऱ्यांकडे विखुरलेल्या असाव्यात. जुने सर्वेक्षण नकाशे एव्हरेस्ट या पृथ्वीगोलाच्या मापनावर आधारलेले आहेत, तर आजचे जाल-नकाशे वेगळ्या मापनावर. रूपांतर न करता एकावर एक ठेवल्यास रस्ता शेजारच्या शेतातून गेलेला दिसतो.

मग सीमा गिरवायची. शेजारच्या दोन गावांची सामाईक शीव एकदाच गिरवून दोन्ही आकृतींत वापरावी. ती दोनदा गिरवली, तर मध्ये कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या चिंचोळ्या पट्ट्या उरतात किंवा तीच जमीन दोन्ही गावांत मोजली जाते.

क्षेत्रफळ काढताना आणखी एक सावधगिरी लागते. जाल-नकाशाचे प्रक्षेपण विषुववृत्तापासून दूर जाता सारे फुगवते. महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे ११० चौरस किलोमीटर आहे. पडद्यावरील आकृती तशीच मोजली तर ते सुमारे १२३ भरते.

आकृतींना जनगणनेची माहिती जोडताना नावांवर विसंबू नये. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, आणि २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी कोष्टकांत त्याचे नाव छत्तीसगडमधील रायगढप्रमाणेच लिहिलेले आहे. जिल्ह्याचा संकेतांक ५२० वापरला की हा घोळ टळतो.

मर्यादा

संवादी नकाशावरील रेषा म्हणजे जमिनीची मोजणी नव्हे. बांधाचा वाद उद्भवल्यास भूमी अभिलेख खात्याची मोजणीच ग्राह्य धरतात. देशाची बाह्य सीमा दाखवताना भारतीय सर्वेक्षण विभागाची सीमा वापरावी. परदेशी मूळ नकाशांत ती अनेकदा वेगळी असते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरल्यास तिच्या योगदात्यांचा उल्लेख नकाशावर करणे बंधनकारक आहे.

मूळ नकाशा सदैव आजचा असतो, हीदेखील मर्यादाच. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवलीवाडा आदी वस्त्या हलवण्यात आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. आजच्या उपग्रहचित्रात त्या जागी धावपट्टी दिसते. तेथील घरे, देवळे आणि पायवाटा दाखवायच्या असतील, तर जुने उपग्रहचित्र किंवा जुना सर्वेक्षण नकाशा आधाराला घेऊन वेगळा, वर्ष लिहिलेला थर करावा लागतो. तेथील घराघरांची नावे अजून सांगू शकणारी माणसे हलवलेल्या वस्त्यांतून राहतात. असा थर त्यांच्याजवळ बसूनच भरता येतो.