वरवरची पारख

लहानपणी घरात पाल दिसली की नानी झाडू घेऊन धावायची. पाल म्हणजे पाल, तिच्यात भेद कसला? मीही तसेच मानत आलो.

सिनाई आणि नेगेवच्या वाळवंटी खडकांवर बोटांची टोके पंख्यासारखी पसरट असलेल्या पाली राहतात. त्यांतली ‘गुटाटस’ पूर्वी ‘हॅसलक्विस्टी’ची उपजात समजली जाई, आज ती स्वतंत्र जात मानतात. अशा सारख्या दिसणाऱ्या प्राण्यांबद्दल शंकेची पाल चुकचुकली, की शास्त्रज्ञ त्यांची प्रथिने तपासू शकतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. जनुक बदलले की साखळीतला एखादा दुवा बदलतो, कधी त्याचा विद्युतभारही. ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ साली स्टार्चच्या जेलमध्ये विजेच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करून दाखवली. भार वेगळा, तर प्रथिनाची चालही वेगळी. एकाच ठिकाणी राहणाऱ्या दोन गटांचे पट्टे कायम वेगळे आले, तर त्यांच्यात संकर होत नसावा. मात्र प्रत्येक बदलाने भार बदलत नाही. म्हणून आता डीएनएही वाचतात.

कविता वाचून झाली की कुणी कौतुकाने म्हणते, ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ अहो, ती माझीच भाषा! पालींच्या बाबतीत रूप फसवते, माझ्या बाबतीत नाव. दोन्हीकडे चूक एकच : वरून पाहून निकाल देण्याची.