मोकळी जागा नेमकी किती?

हायकू या कार्यप्रणालीवर डिस्कची मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ आज्ञा दिली की समोर येणारा तक्ता लिनक्सच्या सवयीने वाचता येत नाही. ‘किती टक्के भरली’ हा रकानाच त्यात नसतो. माउंट, प्रकार, एकूण, मोकळी, आणि पुढे अक्षरांची एक रांग: इथे शोध चालतो का, गुणधर्म साठवता येतात का, लिहिता येते का. फाइलींनी व्यापलेली जागा मोजणारे ‘डीयू’ हे ग्नूच्या साधनांतले असले तरी ‘डीएफ’ हायकूकरांनी स्वतः लिहिले आहे. त्यामुळे लिनक्सवरून आणलेली, तक्त्यातला टक्क्यांचा रकाना उचलणारी स्क्रिप्ट इथे हमखास घसरते.

2001 मध्ये पामने बी कंपनीची मालमत्ता घेतली आणि तिची बीओएस ही कार्यप्रणाली अनाथ झाली. त्याच वर्षी स्वयंसेवकांनी ती नव्याने लिहायला घेतली. तीच आजची हायकू. पाचवा बीटा सप्टेंबर 2024 मध्ये आला. प्रणाली अजून प्रायोगिकच आहे, आणि म्हणूनच जागेचा हिशेब चुकला की तिच्या पोटात उतरून बघावे लागते. मला हे काम मनापासून आवडते.

पहिला घोळ बहुतेकदा ‘सिस्टम’ फोल्डरात सापडतो. हायकूत प्रोग्राम बसवला तरी त्याचे पॅकेज उलगडून डिस्कवर पसरत नाही. दाबलेली फाइल तशीच राहते आणि पॅकेजएफएस ही फाइल सिस्टम तिच्यातला माल फाइलींच्या रूपात दाखवते. ‘डीयू’ या फाइलींचे न दाबलेले आकार मोजते, शिवाय त्याच फोल्डराच्या आत दिसणारी मूळ पॅकेजेही धरते. एकच माल दोनदा मोजला गेल्यावर बेरीज फुगणारच. उलट पॅकेजएफएस स्वतःची एकूण जागा सांगते चार किबिबाइट. हा आकडा निव्वळ नावापुरता. पण एखादा प्रोग्राम तिथली मोकळी जागा विचारून पुढे जाणारा असेल तर तो ‘डिस्क भरली’ म्हणून थांबेल.

खरी जागा खाणारे वेगळेच असते. प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर जुनी पॅकेजे ‘पॅकेजेस’मधल्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह’ फोल्डरात, तारीख-वेळ लावलेल्या उपफोल्डरांत जाऊन बसतात. अद्ययावत प्रणाली सुरूच झाली नाही तर बूट लोडरमधून मागची अवस्था निवडता यावी, ही त्यामागची सोय. लहान पार्टिशनवर मात्र ही चळत वाढत जाते. जुने उपफोल्डर काढायला हरकत नाही. सर्वांत अलीकडचा एक मी ठेवतोच.

हे सगळे तपासूनही आकडा जुळला नाही, की बीएफएसकडे वळायचे. डॉमिनिक जाम्पाओलो आणि सिरिल म्यूरिलो यांनी बीओएससाठी घडवलेली ही फाइल सिस्टम. वापरलेल्या ब्लॉकांची एकूण संख्या सुपरब्लॉकमध्ये असते. कोणता ब्लॉक भरलेला, कोणता रिकामा, हे बिटमॅपमध्ये. आणि तो ब्लॉक खरोखर कोणाकडे आहे हे फाइलींच्या आयनोडांत. चावडीवरचा फळा, तलाठ्याचे दप्तर आणि प्रत्यक्ष शेत, असा हा प्रकार. ‘डीएफ’ वाचते तो फळा. वीज गेली, मशीन अचानक बंद पडले, की तिन्हींत फरक पडू शकतो.

फळा आणि दप्तर यांचा मेळ माउंटच्या वेळी आपोआप बसतो. हायकू सारा बिटमॅप वाचून काढते. 2048 बाइटचे ब्लॉक असलेल्या 100 गिबिबाइटच्या डिस्कवर तो जेमतेम सव्वासहा मेबिबाइटचा असतो. संख्या चुकलेली दिसली तर सिस्लॉगमध्ये ‘नोंद इतकी, बरोबर इतकी’ अशी ओळ लिहून ती सुधारते. पाच-दहा मिनिटांपूर्वीचा ‘मोकळी’चा आकडा कशाने बदलला, याचे उत्तर अनेकदा त्या एका ओळीत असते.

दप्तर आणि शेत यांची मोजणी मात्र ‘चेकएफएस’ या तपासणीच्या आज्ञेला सांगून करून घ्यावी लागते. ती चालू व्हॉल्यूमवरही करता येते. शेवटी तीन आकडे महत्त्वाचे. ‘सोडता येतील’ असे ब्लॉक म्हणजे कोणाच्याच नावावर नसलेली अडकलेली जागा. ती परत मिळते. ‘नोंदलेले नाहीत’ हे त्याहून गंभीर, कारण फाइल वापरत असलेला ब्लॉक बिटमॅप रिकामा समजतो आहे आणि पुढची फाइल त्यावर लिहिली जाऊ शकते. ‘आधीच लागलेले’ म्हणजे एकाच ब्लॉकवर दोघांचा दावा.

हे तपासताना शून्य बाइटच्या फाइलींनी गोंधळू नये. हायकूत एखाद्या माणसाची संपर्क-फाइल उघडली तर नाव, फोन, ईमेल सगळे गुणधर्मांत असते. ‘एलएस’ आकार शून्य दाखवते, तरी आयनोडचा एक ब्लॉक तिने घेतलेला असतोच.

‘चेकएफएस’ मी आधी ‘-सी’ लावून चालवतो. तेव्हा ती फक्त बघते, काही बदलत नाही. तिचा निकाल, ‘डीएफ’चा तक्ता आणि सिस्लॉगमधली ती ओळ एका फाइलीत, दुसऱ्या डिस्कवर ठेवतो, आणि मगच दुरुस्ती. दुरुस्तीनंतर बिटमॅप स्वच्छ होतो, आणि बिघाड प्रणाली घडवणाऱ्यांना कळवायचा तर दाखवायला काहीच उरत नाही.